दोन बोटं पाणी

हसूदादा, तू गेल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी मी तुझ्या अंगणात येऊन गाडीचं बॉनेट उघडलं. रेडिएटरचं टोपण फिरवलं, कांडी आत सोडली, बाहेर काढून उजेडात धरली. पाणी दोन बोटं कमी. आणि लाज वाटते सांगायला, पण माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की ह्यानं परत संध्याकाळी गाडी कुठंतरी लांब पिदडली.

मग मागं वळून बघितलं. पडवीत तुझा फोटो, फोटोला हार, पुढं तेवता दिवा. गाडी मी तू गेलास त्या दिवशी पाच वाजता आणून लावली होती, तशीच उभी. काचेवर धूळ, वायपरवर वाळलेली पानं. तरी मी चाकांखाली वाकून बघितलं, मागे-पुढे झाल्याच्या खुणा आहेत का. माणूस गेला तरी माझा संशय काही जात नव्हता. थू तुझ्या जिनगानीवर दिनकर, असं स्वतःलाच म्हटलं आणि बॉनेट पाडलं.

बॉनेटचा आवाज ऐकून वहिनी बाहेर आली. मी नजर चुकवली. तिला काय सांगणार होतो, की तुझ्या नवऱ्यावर अजून नजर ठेवून आहे म्हणून?

दादा, आपलं सगळं ह्या पाण्यावरून. दुसरं भांडण आपलं कधी झालंच नाही. पूर्ण्याला गोदामं उभी राहायला लागली तेव्हा तुझा रस्त्याकडचा शेताचा तुकडा विकला गेला आणि तू ही पांढरी गाडी घेतलीस, जुनीच, पण बंपर असा की त्यात बघून भांग पाडावा. गाडी दारात, आणि चालवायला येतंय कुणाला? तुला बैलगाडी यायची, खाडीत होडी यायची. मी तेव्हा कामतघरला लूमवर ड्युटी करत होतो. लायसन खिशात तयार, गाडी कुणाची मिळते ते बघत होतो. नाक्यावरच्या टपरीत तू मला विचारलंस, "चालवशील काय रं?" मी म्हटलं, "विश्वासानं द्याल तर चालवीन." तू मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलंस आणि म्हणालास, "इस्वासाचं मागनं बघू. आदी गाडी चालव."

ते मागनं बघायचं अकरा वर्षं राहूनच गेलं.

सकाळी सातपासून पाचपर्यंत गाडी माझी. कापडवाले, दापोड्याचे ट्रान्सपोर्टवाले, कुणाला ठाण्याला सोड, कुणाला कल्याणला. दोन महिन्यांत तू माझ्याच शेजारी बसून चालवायला शिकलास, आणि मग पाचनंतर गाडी तुझी. गावातली आजारी माणसं, नवऱ्या मुली, कुणाच्या सासूला स्टेशनात सोडायचं, सगळं तुझ्याकडे. म्हणजे दिवसातून दोनदा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. संध्याकाळी इंजिन गरम, तेव्हा पाणी मोजता यायचं नाही. गरम टोपण उघडलं तर काय होतं ते तू पहिल्याच महिन्यात मनगटावर शिकून घेतलंस, तो डाग शेवटपर्यंत होता. म्हणून मोजणी सकाळी, इंजिन थंड असताना, दोघांच्या समोर.

मोजायला मी लूमवरची लाकडी कांडी आणली होती, जिच्यावर बाण्याचं सूत गुंडाळतात ती. आत जाळीला टेकेपर्यंत सोडायची, ओली कुठपर्यंत ते बघायचं. पाणी तोंडाशी आलं की जिथं पोचतं तिथं मी ब्लेडनं खाच पाडली. आणि ती कांडी मी रोज घरी घेऊन जायचो. तुझ्यापाशी ठेवली तर तू खाच बदलशील, म्हणून. तुला ते कळलं होतं. तू म्हणायचास, "ने बाबा, उशाला घेऊन झोप."

पाणी भरायचं तेही असं, की तोंडाशी थरथरलं पाहिजे. तू तांब्यानं ओतायचास, मी "अजून, अजून" म्हणायचो. जरा कमी राहिलं तर दुसऱ्या दिवशी कुणाला ठरवता यायचं नाही की किती गेलं. काठोकाठ म्हणजे हिशेब साफ. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बोटं कमी. रोज. एक दिवस चुकला नाही.

मी म्हणायचो, "दादा, काल संध्याकाळी कुठं गेलता? लय लांब?"

"मी? वैनीच्या भावाला अंजूरला सोडला नि आलू. तूच कसारा चढून आलास आसशील, मना न सांगता."

"कसाऱ्याला जाऊन पाचच्या आत येतंय का माणूस?"

"तू येशील. तू काय पन करशील."

हे भांडण झालं की वहिनी चहा आणायची आणि आपण बॉनेटला टेकून प्यायचो. त्या चहाचं पण एक सांगायचं राहिलंय. पहिल्या आठवड्यात मला निळ्या फुलाचा, कानाला टवका उडालेला कप आला. मी कामतघरच्या आमच्या वस्तीतला, तू पूर्ण्याचा गाववाला. मला वाटलं, ठरलं, हा आपला वेगळा कप. दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवलं, परत तोच. तिसऱ्या दिवशी मी मनाशी ठरवून आलो होतो की आज परत तोच कप आला तर चावी बॉनेटवर ठेवायची आणि लूमवर परत जायचं. त्या दिवशी टवक्याचा कप तुझ्या हातात होता आणि तू त्यातून फुर्रफुर्र चहा ओढत होतास. मी किती वेळ बघत राहिलो. तू विचारलंस, "काय रं, माशी पडली काय?" मी नाही म्हटलं. हे तुला कधी सांगितलं नाही. एवढ्या एका बाबतीत माझा संशय फिटला आणि मी सांगितलं नाही.

पण पाण्याचा नाही फिटला. मी टोपणाला सुताचा धागा बांधायला लागलो. गाठ लूमवरची, तुटलेला धागा जोडायची, बारीक, पटकन दिसायची पण नाही. कुणी उघडलं तर तुटणार. सकाळी बघितलं तर गाठ शाबूत आणि पाणी दोन बोटं कमी. आता शहाण्या माणसानं काय समजावं? की टोपण कुणी उघडलं नाही. मी काय समजलो? की तू ही गाठ शिकलास. तेवढ्यासाठी कामतघरला जाऊन, कुणा कारागिराच्या शेजारी बसून शिकलास. बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती हसून हसून खाली बसली. आणि तू कमी होतास का? तू टोपणावर आणि रेडिएटरच्या तोंडावर मिळून कुंकवाची रेघ ओढायचास, फिरवलं तर रेघ मोडेल म्हणून. धागा माझा, कुंकू तुझं. गाडीचं टोपण का नवीन नवरी, असं गफूरमिस्त्री म्हणाला होता.

त्या गफूरमिस्त्रीनं तर आपल्याला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. नाक्यावरच्या त्याच्या टपरीवजा गॅरेजात आपण दोघं तावातावानं गेलो, गळती शोधायला. त्यानं सगळं बघितलं, पुसलं, हात धुतले, टोपणाखालची बारीक नळी दाखवली आणि म्हणाला, "लीकेज कुछ नहीं है. आप लोग ज़्यादा भरते हो. गरम पानी फूलता है, जितना ज़्यादा है उतना इस नली से बाहर. दो उंगली खाली रखो, फिर देखो."

बाहेर येऊन तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. त्या एका दिवशी आपलं दोघांचं एकमत झालं. "यो इंजिन जाळायला सांगतंय," तू म्हणालास. "कमी पाण्यावर चालवली की इंजिन बसंल, मंग काम त्यालाच." मी म्हटलं, "बरोबर ओळखलंस दादा." दोघं मोठ्या हुशारीनं घरी आलो आणि रेडिएटर काठोकाठ भरला.

मग सहाव्या वर्षी ते हिरवं कूलंट आलं. मी कल्याणहून बाटली आणली. इंजिनला चांगलं, गंज धरत नाही, असं तुला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. साधं पाणी सांडलं की वाळून जातं, हिरवं डाग ठेवतं. चोर सापडेल. तू बाटली उघडून वास घेतलास, म्हणालास, "सरबत दिसतंय. पोरांच्या हाताला लागू देऊ नको." कूलंट भरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या अंगणात, बॉनेटच्या खाली, हिरवे थेंब. मी म्हटलं, "बघ! तुझ्या अंगणात." तू म्हणालास, "पाच वाजता गाडी कोनी आणून लावली? तापवून आणलीस तू, गळली इथं." एकच डाग, पुरावा दोघांच्या बाजूनं. पुढं रोज वरून तांब्यानं साधं पाणी ओतून ओतून ते हिरवं फिक्कं होत गेलं, आणि एके दिवशी पाणी पाण्यासारखं दिसायला लागलं. तेव्हा तर मला खात्रीच झाली की हिरवं काढून तू कुणाच्या तरी गाडीत घातलंस. तुला माझ्याबद्दल तीच खात्री झाली.

त्याच हिरव्याच्या दिवसांत मला कावीळ झाली. पंधरा दिवस अंथरुणाला. गाडी दिवसा-संध्याकाळी तुझ्याकडेच. तू एकदा मला बघायला चाळीत आलास, पहिल्यांदा. हातात काविळीला चांगले म्हणून उसाचे करवे, माझ्या दारात उंबऱ्याशी चप्पल काढून उभा. माझ्या बायकोनं चहा दिला, प्यायलास. मी विचारलं, "पाणी?" तू म्हणालास, "हाय." एवढंच. कमी झालं का, किती झालं, कोण चोर, काही नाही. जाताना दारात वळलास आणि म्हणालास, "लवकर बरा हो. सकाळी करमत न्हाय." तू गेल्यावर मी बायकोला म्हटलं, हा काहीतरी लपवतोय.

आणि दादा, हे एकच माझं बरोबर निघालं.

आता ते सांगतो जे सांगायला हा कागद घेतलाय. माझ्या रेखाचा साखरपुडा. कल्याणहून नवऱ्याकडची वडीलमाणसं आणायला तू स्वतः गाडी घेऊन गेलास. "पावणे माझ्या गाडीतून येतील, रिक्षातून न्हाय," असं तूच म्हणाला होतास. त्या सकाळी मी मंडपात अडकलेला, मोजणीला आलोच नाही. माझ्या काविळीचे दिवस सोडले तर अकरा वर्षांत पहिल्यांदा तू एकट्यानं पाणी बघितलंस. आणि खाडीच्या पुलाजवळ गाडी उकळली. बॉनेटमधून वाफ, म्हातारी माणसं रस्त्यावर उन्हात उभी, दोन तास. तू त्यांना दोन रिक्षांत घालून घेऊन आलास, तुझा पांढरा सदरा काळा झालेला. मी मंडपाच्या दारात होतो. सोयऱ्यांसमोर, वस्तीसमोर, वहिनीसमोर मी काय बोललो ते तुला पाठ असेल. मी म्हणालो, "पाणी चोरून चोरून आज माझ्या पोरीच्या दिवसाला हात घातलास. चोर आहेस तू."

तू हात पुसत होतास. म्हणालास, "मी बघितलं व्हतं." आणखी एक शब्द नाही. जेवलास, रेखाच्या हातात पाकीट दिलंस, वहिनीला घेऊन चालत गेलास.

दुसऱ्या दिवशी गफूरमिस्त्रीनं फॅनचा तुटलेला पट्टा हातात ठेवला. पट्टा तुटला की पंखा बंद, पाणी फिरायचं बंद, मग काठोकाठ असो की कोरडं, गाडी उकळणारच. तुझा काडीचा दोष नव्हता. पट्टा घेऊन मी तुझ्या दारापर्यंत आलो. तू अंगणात होतास. मी म्हणालो, "पट्टा तुटला होता." तू म्हणालास, "हां." मला पुढचं बोलायचं होतं, शब्द जिभेवर होता. पण मनात आलं, की पट्टा खराब झालाय हे ह्याला आधीच माहीत असेल, आणि तरी ह्यानं नेली असेल. बघ, असा मी. माफी मागायला आलो आणि येता येता नवा संशय शोधून काढला. पट्टा डिकीत टाकला आणि घरी गेलो.

त्यानंतरचे चार महिने तू मोजायचास पण भांडायचा नाहीस. मी कांडी द्यायचो, तू सोडायचास, बघायचास, तांब्या ओतायचास. दोन बोटं कमी असायचं, तू काही म्हणायचा नाहीस, मी पण नाही. चहा यायचा, गार व्हायचा. तू गेलास त्या सकाळी ओतून झाल्यावर म्हणालास, "भरलंय." दुपारी जेवून पडवीतल्या खुर्चीत बसलास ते बसलासच. मी ठाण्याला होतो. पाचला आलो तर अंगणात माणसं. मी नेहमीच्या जागी गाडी लावली, हँडब्रेक ओढला, आणि मग रडलो.

आता त्या पाचव्या दिवसाचं पुढचं ऐक. वहिनी म्हणाली, पाव्हणे आणायला-सोडायला गाडी लागंल, तूच चालव. मी दिवसभर चालवली. दहाव्यापर्यंत रोज चालवली, कल्याण, अंजूर, ठाणे, परत कल्याण. पाणी काही भरलं नाही. तांब्या ओतायला तू नव्हतास, आणि एकट्यानं "अजून, अजून" कुणाला म्हणायचं? रोज सकाळी कांडी सोडायची तेवढी सवयीनं. सहाव्या दिवशी दोन बोटं कमी. सातव्या दिवशी दोन बोटं. आठव्या, नवव्या, दहाव्या, तेवढंच. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्याकडे बघत कल्याणच्या चढावर गाडी रेटली, काटा मध्यावरच. तिथूनच गाडी वळवली.

गफूरमिस्त्रीकडे गेलो. तो आता थकलाय, स्टुलावर बसून असतो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ग्यारह साल से क्या बोल रहा हूँ? गाड़ी को जितना चाहिए उतना रख लेती है. बाकी तुम दोनों का शक था, वो नली से निकल जाता था." आणि मग हळूच, "हसूभाई को तो मालूम था."

मला राग आला. वाटलं, म्हातारा मेलेल्याच्या नावावर काहीही खपवतोय.

काल तुझं बारावं झालं. माणसं पांगली, मी मंडपाचे बांबू सोडत होतो. वहिनीला विचारलं. ती पायरीवर बसली होती. म्हणाली, "तुला कावील झालती ना, तवा. मना म्हनले, दिन्या अंथरुनात हाय, आता पानी गेलं तं तो चोर न्हाय, न्हाय गेलं तं तोच चोर. भरलं न्हाय, निस्तं मोजीत ऱ्हायले. पयल्या दिशी दोन बोटं गेलं, मंग हाललंच न्हाय. हसत घरात आले. म्हनले, त्या मिस्त्रीचं खरं हाय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी बी तेच बोलली. तं म्हनले, सांगू नको त्याला. सांगितलं तं तो खिडकीतनं चावी घील नि निघून जाईल. चाय प्यायला थांबायचा न्हाय."

दादा, तुला खोटं कशाला सांगू, मी ह्यावरही विश्वास ठेवला नाही. वाटलं, वहिनी माझं मन राखायला बोलतेय. साखरपुड्याच्या दिवशी हे माहीत असून तू गप्प कसा राहशील? चोर म्हटल्यावर कुठला माणूस गप्प राहतो? माझ्या तोंडावर ते दिसलं असणार. वहिनी उठली, आत गेली, कपाटामागून एक कांडी काढून आणली. मोजायला तुला दुसरी लागली असणार, पहिली तर माझ्या उशाला होती. कुठल्या लूमवरून मागून आणलीस कुणास ठाऊक. तिच्यावर एकच खाच, माझ्या कांडीवरच्या काठोकाठच्या खाचेपेक्षा दोन बोटं खाली. आणि त्या खाचेपर्यंत लाकूड हिरवं. आपलं पाणी हिरवं होतं ते फक्त त्या काविळीच्या दिवसांत. हे कुणाला आता करता येणार नाही.

मी दोन्ही कांड्या शेजारी धरून अंगणात उभा राहिलो. पाच वर्षं, दादा. पाच वर्षं तू माहीत असून तांब्या ओतलास, माहीत असून म्हणालास, "तूच कसारा चढून आलास." त्या शिव्या देताना तू हसू दाबायचास आणि मला वाटायचं, चोरी पचली म्हणून हसतोय. मंडपात मी चोर म्हणालो तेव्हा एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं तुला. केलं नाहीस. बोलला असतास तर सगळ्या सोयऱ्यांसमोर मी मूर्ख ठरलो असतो, पोरीच्या दिवशी. म्हणून गप्प राहिलास का? का राग धरून होतास? हे मला आता कोण सांगणार? चुकलो दादा. तेव्हा पट्टा हातात घेऊन हेच म्हणायचं होतं. चुकलो.

वहिनी म्हणते, गाडी तूच ठेव. आज सकाळी सातला आलो. तुझी कांडी सोडली, पाणी बरोबर तुझ्या खाचेला. गाडीला पाहिजे तेवढं. काहीच करायची गरज नव्हती. वहिनीनं दोन कप आणले, सवयीनं, आणि मग एक कप हातात धरून तशीच उभी राहिली. टवक्याचा होता. मी तो घेतला, बॉनेटवर ठेवला.

मग पडवीतला तुझा तांब्या घेतला आणि रेडिएटर काठोकाठ भरला, तोंडाशी थरथरेपर्यंत. वहिनी म्हणाली, "अरं, आता कशाला?" मी टोपण घट्ट फिरवलं. धागा काढला, टोपणाला गाठ मारली. उद्या सकाळी येतो, दादा. दोन बोटं कमी असलं तर मी दुसऱ्या कुणाचं नाव घेणार नाही, तुझंच घेणार.